विनिपेगला आज किती?

कुमुद, ये गं, अशी पुढे ये. दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? चपला काढ, तोंडावर पाणी मार आणि कूलरसमोर बस. पण पाणी लगेच पिऊ नकोस, उन्हातून आलीस. किती वेळा सांगायचं तुला? तीस वर्षं या गावात काढलीस, इथल्या गरम वाऱ्याची लू म्हणजे काय ते मी शिकवलं तुला. आणि पुण्याला गेलीस ती गेलीसच. अडीच वर्षांत एकदा तरी फोन उचलून "जिज्जी, आहेस ना गं?" एवढं विचारायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? रागावत नाहीये मी. बस. बोलायचंय तुझ्याशी.

तू समोर नाहीस ते मला दिसतंय. पण समोर कोणी बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. शाळा आठवीपर्यंतची, पुढचं जे काय आलं ते वाचून आणि बोलून आलं. त्यामुळे माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. आणि ही गोष्ट सांगायला तुझ्यासारखं माणूस मला दुसरं मिळायचं नाही, कारण ती तुझ्यामुळेच झाली.

काल कूलरची घास बदलली. नवी खस लागली, पहिलं पाणी तिच्यातून ठिबकत खाली उतरलं आणि खोलीभर तो वास झाला. तू त्याला वाळा म्हणायचीस आणि चिमूटभर माठात टाकायचीस. आम्ही झाशीवाले खस म्हणतो आणि खिडकीएवढी लावतो. या वासानं कोणाला माहेर आठवतं, कोणाला आजोळ. मला आता तीन वर्षांपूर्वीचा तो एकच उन्हाळा आठवतो, आणि मग दिवसभर कशात जीव लागत नाही.

काय उन्हाळा होता तो. इलाइट चौराह्यावर डांबर असं मऊ झालेलं की चप्पल उचलली तर तळवा वर आणि चप्पल खाली. लक्ष्मी तालाचं पाणी मागे मागे सरकत गेलेलं, कडेच्या चिखलाला भेगा पडून त्याच्या पापड्या झालेल्या. फालसेवाला ती जांभळी आंबटगोड फळं घेऊन सकाळी आठला येऊन जायचा, नऊनंतर त्याची हिंमत नाही. आणि आपण सात-आठ बायका मात्र बरोबर दुपारी दोन वाजता, डोक्यावर ओला पंचा टाकून, मराठी मंडळाच्या खोलीकडे निघायचो. आपल्यातल्या सगळ्यात थोरल्या बेबीमावशींच्या पर्समध्ये कांदा असायचा. लू लागू नये म्हणून लोक कांदा जवळ ठेवतात, त्यात नवल नाही, पण त्यांचा कांदा कधी कधी चष्म्याच्या डबीत निघायचा. मग मंडळाच्या नोंदवहीवर सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी.

लोक विचारायचे, एवढ्या उन्हात कुठं जाता अम्मा जी? सांगणार काय? त्या खोलीत मोठा कूलर होता हे खरं, कोणाच्या तरी मुलानं दिलेला कॉम्प्युटर होता हेही खरं. पण त्याहून मोठी गोष्ट, तिथं दोन तास मराठीत बोलायला मिळायचं. घरोघरी आता मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "जेवलास का?" तर "हाँ, खा लिया." बाहेर तर सगळा कारभार भैया आणि जी. दिवसातले ते दोन तास जीभ मोकळी सुटायची.

त्या कॉम्प्युटरची आपली एक रीत होती, आठवतं? ब्राउझर नावाची काही वस्तू असते हे आपल्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. तो रंगीत गोळा दाबला की नेट उघडतं, म्हणजे तो गोळाच नेट. त्याच्यात वरच्या बाजूला एकेकीचं पान उघडलेलं असायचं. तुझं रांगोळ्यांचं, कोणाचं पाककृतींचं, बेबीमावशींचं एका देवळातल्या थेट दर्शनाचं. मशीन बंद करून दुसऱ्या दिवशी लावलं की सगळी पानं होती तिथे परत. पंगतीला पाट मांडून ठेवावेत तशी. आपण म्हणायचोही पाटच. "माझा पाट कुठाय? अगं, डावीकडून तिसरा तुझा." आणि बेबीमावशींनी, नव्वदीला टेकलेल्या, माउसला कधी हात न लावलेल्या बाईनं, पहिल्याच दिवशी कायदा करून टाकला होता: "ज्याचा पाट त्यानं उचलावा. दुसऱ्याचा पाट उचलायचा नाही. आमच्याकडे तसं फक्त माणूस गेल्यावर करतात."

मग काय, महिनोन् महिने कोणी काही बंद करेना. पानांची डोकी बारीक होत होत शेवयांसारखी झाली. कोणाच्या तरी नातवानं एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्याला वाटलं, या म्हाताऱ्यांना पान बंद करता येत नाही. आपल्याला येत होतं. करायचं नव्हतं.

डावीकडून तिसरं पान माझं. विनिपेगचं हवामान.

तुला नव्यानं सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते. माझी अनघा कॅनडात विनिपेगला असते. मी खोलीत शिरले की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय गं, अनघा काय म्हणते?" मी पान उघडायचे, चष्मा नाकावर सारायचे आणि सांगायचे, "बरी आहे. आज तीन आहे म्हणाली. परवा पुन्हा बर्फ येणार म्हणे, गाडीचे बर्फातले टायर अजून बदलले नाहीत तिनं." सगळ्या चुकचुकायच्या. आपल्याकडे पंचेचाळीस आणि तिथं तीन! देव तरी कसा वाटणी करतो पाहा. कोणी म्हणायचं, किती गुणाची मुलगी, रोज आईला फोन करते, नाहीतर आमचे पाहा.

अनघाचा फोन दोन वर्षांत आला नव्हता. टायरचं मी मनानं लावून द्यायचे.

आपण पाहायचो दुपारी अडीचला, तेव्हा तिथं पहाटेचे चार वाजलेले असायचे. म्हणजे ती झोपलेली असायची. पानावर पुढच्या तासांचं हवामान ओळीनं यायचं. ती उठेल तेव्हा चार, कामाला निघेल तेव्हा सहा, वारा जोराचा. मी मनातल्या मनात म्हणायचे, टोपी घाल गं. हे मी माझ्या फोनवर पाहू शकले असते. पण फोन हातात असला की तो लावावासा वाटतो, आणि लावला असता आणि तिनं उचलला नसता तर? मंडळाच्या कॉम्प्युटरवरून फोन लागत नाही. म्हणून तो बरा होता.

असं सगळं चाललेलं असताना, एप्रिलच्या शेवटाला, तू पेन ड्राइव्ह घेऊन आलीस. तुझा समीर पुण्यात ज्या कंपनीत होता तिनं नवा ब्राउझर काढला होता. तेव्हा कुठे आपल्याला कळलं की गोळा म्हणजे नेट नव्हे, गोळे अनेक असतात, आणि त्यांच्यात हा आणखी एक.

काय गोंधळ झाला होता दोन दिवस! तू सांगत होतीस, हा मराठी बोलतो. विचारलं की उत्तर देतो, लांबलचक मजकूर असला तर थोडक्यात सांगतो. बेबीमावशींनी विचारलं, थोडक्यात कशाला, आपल्याला कुठं गाडी पकडायचीय? एकीला भीती की जुना बंद केला तर तिचं बँकेचं काय ते जाईल. एकीनं ठरवलं की जो बोलतो तो ऐकतही असणार, म्हणून ती सुनेबद्दल बोलताना पडद्यावर रुमाल टाकायला लागली. त्या नव्यानं पहिल्यांदा "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" म्हटलं, तेव्हा मात्र सगळ्या पडद्याजवळ सरकलो. झाशीत कुठल्याही यंत्रानं आपल्याशी मराठीत बोलायची ती पहिली वेळ. बँकेत हिंदी, दवाखान्यात हिंदी, स्टेशनवर हिंदी. बेबीमावशींनी पडद्याला हात जोडले. मग म्हणाल्या, "आवाज बाईचा आहे, पण जेवलेली दिसत नाही."

मी विरोधात होते, तुला आठवत असेल. मी म्हटलं होतं, मानिक चौकात साड्यांची वीस दुकानं आहेत. एकविसावं उघडलं की आठ दिवस सरबत मिळतं, "आओ अम्मा जी, बैठो अम्मा जी" होतं, गादीवर अख्खं दुकान उलगडून दाखवतात. साडी तीच. नवव्या दिवशी तोच मुलगा काउंटरवरून मान वर करत नाही. इतक्या दुकानांच्या बाजारात नवा येतो तो आपल्याला साडी नेसवायला येत नाही, आपलं त्याला काहीतरी हवं असतं. तेव्हा मी ते उगाच, वाद घालायचा म्हणून बोलले होते. काय हवं असतं ते मला कुठं माहीत होतं.

तू हसलीस आणि वहीत काहीतरी लिहिलंस.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही. मला वाटायचं तू रांगोळ्या उतरवून घेतेस. खरं सांगायचं तर तू ती कधी लपवलीही नाहीस. समीरनं तुला सांगितलं होतं की आई, तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात, कुठं अडतात, कशाला घाबरतात ते लिहून पाठव, आम्हाला तसली माणसं मिळत नाहीत. बाजारात आधीच इतके आहेत, आमचं नाही चाललं तर आमची टोळी बंद करतील. हे तू मला सांगितलंस, पण नंतर. दारात उभी राहून. त्याची नोकरी टांगणीला होती. आईनं काय करावं मग? मी ते समजू शकते, कुमुद. समजण्याला काय, सगळंच समजतं.

पण त्या दुपारचं मला समजत नाही.

वीज गेली होती. कूलर थांबला, पाणी ठिबकायचं थांबलं, पडद्यावर अंधार. बाकीच्या घरी गेल्या, आपण दोघीच राहिलो. तू हातपंखा घेऊन आधी मला वारा घातलास, मग स्वतःला, मग पुन्हा मला. आणि तू विचारलंस, "जिज्जी, अनघाचा फोन खरंच येतो का गं?" नुसतं विचारलंस. माझ्या पोटात दोन वर्षं जे दडपून ठेवलं होतं ते असं वर आलं की मला थांबवता येईना.

मी सगळं सांगितलं तुला. हे गेले तेव्हा जानेवारी होता. अनघा चौथ्या दिवशी पोचली. विमानं बंद होती, बर्फाचं वादळ होतं. दारात तिची पेटी, ओसरीवर चाळीस माणसं, आणि मी त्या चाळीस माणसांदेखत म्हटलं, "आता कशाला आलीस? बर्फ वितळलं वाटतं." तिनं पेटी आत नेली. तेराव्यापर्यंत राहिली, भांडी घासली, माणसांचं चहापाणी केलं आणि गेली. त्यानंतर दिवाळीला एक ओळ, बाकी काही नाही.

आणि त्याच्या पुढचं, जे मी देवापुढेही बोलले नव्हते, तेही सांगितलं. ते हवामानाचं पान मी पहिल्यांदा उघडलं ते तिच्या काळजीनं नाही. तिचं खोटं पकडायला उघडलं. बर्फ म्हणे! इतकं कुठं पडतं की माणसाला बापाला पोचवायला येता येत नाही? मागच्या तारखा कशा पाहायच्या ते तूच दाखवलं होतंस, रांगोळी शोधता शोधता. मी त्या चार दिवसांवर गेले. चारही दिवस पांढरे. एका दिवशी तर लिहिलं होतं, घराबाहेर पडू नये. मी ते पान बंद करायला हात नेला आणि बंद करवेना. तेव्हापासून ते तसंच होतं.

तू माझा हात धरलास. पंखा खाली पडला तो तसाच राहू दिलास. "कोणाला सांगणार नाही," असं तू म्हणाली नव्हतीस. मी आठवून आठवून पाहिलं आहे. तू तसं म्हणाली नव्हतीस, कारण मी विचारलंच नव्हतं. आपल्यात ते विचारायचं असतं का?

मग तीन आठवड्यांनी समीर आला. मोठा गोड मुलगा, मी त्याला चड्डीत पाहिलेला. मंडळानं हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, "आपल्या भाषेतला ब्राउझर". गावाबाहेरच्या कारखान्यातली मराठी मंडळी आली, जुनी झाशीकर घरं आली, पन्ह्याचे पेले फिरले. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. मी तुझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसले होते, तुझ्या मुलाचं कौतुक म्हणून चांगली माहेश्वरी नेसून.

तो सांगत होता. लोक पानं का उघडी ठेवतात? विसरतात म्हणून? आळसानं? आम्हालाही तसंच वाटायचं, म्हणाला. मग आमच्याकडे एक गोष्ट आली. आणि चादरीवर अक्षरं उमटली. मराठीत, मोठी, मागच्या रांगेलाही वाचता येतील अशी. एक आजी. मुलगी परदेशात, दोन वर्षं फोन नाही. आजी रोज मुलीच्या गावचं हवामान पाहते आणि मैत्रिणींना सांगते की मुलीनंच फोनवर सांगितलं.

नाव नव्हतं. समीरला ती आजी कोण हे तू सांगितलंच नव्हतंस, हे त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. तो सांगत होता, की पान म्हणजे नुसतं पान नसतं, यावरून आम्ही किती शिकलो. मी समोरच बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहून बोलताना एकदा मानही हलवली, ओळखीच्या काकूला हलवावी तशी.

पुण्यात नाव न लिहिलं की झाकलं जात असेल. आपल्या गावात मराठी घरं किती, आणि डावीकडून तिसरा पाट कोणाचा हे कोणाला माहीत नाही? माझ्या मागच्या रांगेतल्या हातपंख्यांचा आवाज थांबला. शेजारचं कोणी वळून पाहिलं नाही. ते न पाहणं मला ऐकू येत होतं. आणि बेबीमावशी, त्यांना कमी ऐकू येतं आणि चष्मा घरी राहिलेला, शेजारणीला विचारत्या झाल्या, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात:

"काय लिहिलंय? अनघा फोन करत नाही?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पेल्यात पाहत होतीस. पन्हं संपलं होतं, तळाशी केशराची एक काडी चिकटली होती, ती तू बोटानं काढत होतीस.

संध्याकाळी तू आलीस. उन्हं अजून भिंतीवर होती. आत ये म्हटलं तर आली नाहीस. समीरच्या नोकरीचं सांगितलंस, वहीचं सांगितलंस, आणि मग म्हणालीस, "नाव तर नव्हतं ना गं लिहिलं, जिज्जी."

मी म्हटलं, "डोकं झाकून जा. झळा आहेत अजून."

एवढंच बोललो आपण. शेवटचं. दिवाळीनंतर तुमचा फ्लॅट रिकामा झाला आणि तू समीरकडे गेलीस, तेही मला दूधवाल्याकडून कळलं.

मंडळात त्यानंतर माझ्याशी सगळ्या इतक्या चांगल्या वागायला लागल्या की मला जाववेना. अनघाचं कोणी विचारेना. उलट कोणाच्या मुलीचा फोन आला तर ती मला पाहून आवाज खाली करायची. यापेक्षा हसल्या असत्या तर बरं. एक बेबीमावशीच तेवढ्या सरळ. म्हणाल्या, "खोटं बोललीस ते बोललीस, टायरचं काय चांगलं रचायचीस गं."

माझं पान नव्या ब्राउझरमध्ये आलं होतं. समीरनं सगळ्यांचे पाट नीट तिकडे मांडून दिले होते. पण त्या नव्याची एक खोड होती. बरेच दिवस कोणी हात लावला नाही की तो पान आपणहून आवरून ठेवायचा. मी हात लावला नाही. एके दिवशी बसले तेव्हा डावीकडून तिसरं पान कोणाचं तरी लोणच्याचं होतं.

आता तू विचारशील, आणि विचारायचा तुला हक्क नाही तरी सांगते, अनघाचं काय. झाशीतली गोष्ट इंदूरला जाते, इंदूरची टोरांटोला, टोरांटोहून विनिपेग काय लांब. त्या पावसाळ्यात फोन वाजला. एवढ्या दिवसांनी तिचा आवाज, आणि पहिलं वाक्य काय, "आई, तू लोकांना माझ्याबद्दल काय काय सांगत असतेस?" मग तीच म्हणाली, "ते हवामानाचं खरं आहे का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "टायर मी नोव्हेंबरात आणि एप्रिलात बदलते. वेळच्या वेळी."

आता ती रविवारी फोन करते. दहा मिनिटं, कधी पंधरा. मी विचारते किती आहे, ती म्हणते ठीक आहे. तिच्या ठीकमध्ये थंडी कळत नाही, वारा कळत नाही. पण आवाज असतो. मी तक्रार करत नाही.

आणि लोक मला सांगतात, कुमुद, चांगलं झालं की नाही शेवटी? कुमुदनं ते केलं म्हणून तर फोन आला. देवाची करणी. तूही तिकडे बसून स्वतःला असंच समजावत असशील, तुला मी ओळखते. तर ऐक. ते श्रेय मी तुला देणार नाही. चोरानं घर फोडलं आणि भिंतीतून वारा यायला लागला म्हणून कोणी चोराला नारळ देत नाही. फोन आला तो अनघाच्या चांगुलपणानं आला. तू जे केलंस ते तू तुझ्या मुलासाठी केलंस, आणि माझ्या मुलीचं देऊन केलंस. माझ्याकडे मागितलं असतंस तर? "जिज्जी, समीरला असं असं हवंय, तुझी गोष्ट सांगू का?" मला वाटतं मी हो म्हटलं असतं. रडून भेकून, पण हो म्हटलं असतं. तो तर मला जास्त राग आहे, की तू मला हो म्हणू दिलं नाहीस.

परवा मंडळात गेले होते. कूलर लावायचे म्हणून, खोली झाडायची म्हणून. कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर सूचना. हा ब्राउझर आता बंद होतोय, इतके दिवस साथ दिल्याबद्दल आभार, आपली पानं कृपया दुसरीकडे हलवा. मी दोनदा वाचलं. दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीनं यांची कंपनी घेतली म्हणे, आणि समीरही केव्हाच दुसरीकडे गेलाय. म्हणजे ज्या दुकानासाठी तू माझं घरातलं उचलून दिलंस, ते दुकानच उठलं. तिथल्या त्या चादरीवरची गोष्ट आता कोणाकडे असेल? कुठल्या कपाटात? मला हसू आलं, आणि नंतर घरी येऊन खूप वाईट वाटलं. मला वाटलं होतं निदान चालला तरी असेल.

तेव्हा तेच पुन्हा मनात आलं. चादरीवर तीनच ओळी होत्या. मी तुला जे सांगितलं त्यातलं अर्धंच. ते पान मी लेकीचं खोटं पकडायला उघडलं होतं, हे चादरीवर नव्हतं. तू ते लिहिलंच नाहीस, की लिहिलंस आणि त्यांना नको होतं? तीन वर्षं हा काटा आहे. रात्र रात्र नाही, पण दळण निवडताना, वेणी घालताना, अचानक. आणि कुठून तरी फिरत फिरत ते अनघाच्या कानावर गेलं तर?

म्हणून या रविवारी मीच सांगितलं तिला. आधी किती आहे विचारलं, मग म्हटलं, थांब, एक ऐक. सगळं सांगितलं, ओसरीवरचं, त्या चार तारखांचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला माहीत होतं आई. दारात तुझा चेहराच तसा होता." मग म्हणाली, आज अकरा आहे, ऊन आहे, बाहेर फिरायला चाललेय. पहिल्यांदा आकडा दिला तिनं.

फोन ठेवला आणि वाटलं, हे आत्ता जाऊन कुमुदला सांगावं. चप्पल घालायला उठलेसुद्धा. मग आठवलं तू कोण आहेस ते.

तर आता तुझ्याकडे माझं झाकलेलं असं काही उरलेलं नाही. जे होतं ते लेकीला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आणि आता हे वाचणाऱ्यालाही. तू घाबरायचं कारण नाही, मीही नाही. माफीबिफी मागायला ये असं म्हणत नाही, ते तुला जमायचं नाही आणि मला ऐकवायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. नीट, समोरासमोर, आवाज चढवून, तास दोन तास. शेजारणीशी भांडते मी, भाजीवाल्याशी भांडते, पण ते हिंदीत. हिंदीत मला राग येतो, भांडण येत नाही. आणि या गावात मराठीत माझ्या तोडीस तोड भांडेल अशी बाई तुझ्यानंतर राहिलेली नाही.

पुण्याहून गाडी सरळ आहे. फालसे अजून पंधरा दिवस आहेत. लवकर ये.